आधी सुरक्षितता, मग आठवण : आघात-समुपदेशनाची पार्श्वभूमी

मानसिक आघातातून सावरू पाहणाऱ्या व्यक्तीला अनुभवी समुपदेशक पहिल्याच भेटीत ‘काय घडले ते सगळे सांगा’ असे सहसा म्हणत नाही. झोप लागते का, आधार कोणाचा आहे, इथून जिथे परत जायचे ती जागा सुरक्षित आहे का, अशा प्रश्नांपासून तो सुरुवात करतो. मूळ घटनेपाशी इतक्या उशिरा येणे ही टाळाटाळ वाटू शकते. परंतु हा क्रम फार मोठी किंमत मोजून हाती आला आहे.

लंडनचे शल्यविशारद जॉन एरिकसन यांनी १८६६ मध्ये रेल्वे अपघातांतून बचावलेल्यांच्या तक्रारींची कारणे मज्जारज्जूच्या इजेत शोधली होती. शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी मात्र असह्य आठवण मनाच्या इतर व्यवहारापासून तुटून पडते, असे दाखवले. त्यांच्या उपचारात रुग्णाला आधी स्थिर केले जाई, मग आठवणीला हात घातला जाई आणि शेवटी तिला आयुष्यात जागा करून दिली जाई. हे ज्ञान पुढे अनेक दशके जवळजवळ विस्मरणात गेले, ही या इतिहासातली सर्वांत खेदाची गोष्ट आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ (तोफगोळ्याच्या स्फोटाने बसलेला धक्का) हा शब्द सैनिकांच्या अशा लक्षणांसाठी वैद्यकीय लेखनात आणला. पण स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागली, तेव्हा अनेकांनी दोष त्यांच्या चारित्र्याला दिला. पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यांपैकी किती जण खरोखर आजारी होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

चित्र पालटले ते सोसणारे स्वतः बोलू लागल्यावर. व्हिएतनामहून परतलेले सैनिक १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गटागटाने एकत्र बसू लागले. १९७४ मध्ये संशोधक अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बॉस्टनच्या रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांची लक्षणे नोंदवली, आणि ती युद्धावरून परतलेल्यांच्या लक्षणांशी मिळतीजुळती होती. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ला, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराला, अधिकृत निदानाचा दर्जा दिला, त्यामागे या दोन्ही गटांचा आवाज होता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि माणसांशी पुन्हा जोडले जाणे असे टप्पे मांडले; जाने यांचाच क्रम नव्या रूपात परतला, असे म्हणायला हरकत नाही.

मधल्या काळात एक घाईही झाली. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्वांना अनुभव सांगायला लावण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली, परंतु तिने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींचा तो वाढूही शकतो, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. ब्रिटनच्या २००५ च्या उपचार-मार्गदर्शक सूचनांनी ती नित्याची पद्धत म्हणून वापरू नये असे सांगितले. आज आठवणीवर थेट काम करणाऱ्या उपचारपद्धतींचा उपयोग सिद्ध झाला आहे, तरीही त्यांत प्रवेश करण्यापूर्वी समुपदेशक पुढे काय होणार ते समजावून सांगतो, संमती घेतो, आणि कधी थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार समोरच्या व्यक्तीच्याच हाती ठेवतो.