गाण्याखालचा आकडा: ‘व्ह्यूज’च्या हिशेबाची पार्श्वभूमी

मराठी गाण्याच्या पोस्टरवर हल्ली गायक-गायिकेच्या चेहऱ्याइतकाच मोठा असतो तो यूट्यूबवरच्या ‘व्ह्यूज’चा आकडा. गाणं आल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘१ मिलियन’, महिन्याभरात ‘१० मिलियन’, आणि नशीब फळफळलं तर ‘१०० मिलियन पार’ची पार्टी. दहा कोटी म्हणायला आता कुणी तयार नाही. या आकड्यावरून चाहते भांडतात, कार्यक्रमाची सुपारी ठरते, बातम्या होतात. तो नक्की काय मोजतो यावर २०१९ साली जगभर गाजलेला एक वाद झाला आणि तो पेटला होता आपल्याच देशातल्या एका गाण्यावरून. त्या वादानंतर जो निर्णय झाला तो बरोबर होता, पण अर्धा होता, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग अजून निस्तरलेला नाही.

गाण्यांना नंबर लावायची हौस अर्थातच जुनी. १९५२च्या सुमारास आकाशवाणीने फिल्मी गाण्यांवर इतकी कात्री चालवली की श्रोत्यांनी सरळ रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. तेव्हाचे नभोवाणीमंत्री मराठी होते आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर एका टूथपेस्टच्या नावाने ‘बिनाका गीतमाला’ हा सुप्रसिद्ध साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. आधी ती सात गाण्यांचा क्रम ओळखायची स्पर्धा होती, बक्षीस १०० रुपये. पत्रांचा असा काही पूर आला की वर्षभरात आठवड्याला ६५ हजारांवर पत्रं यायला लागली. मग स्पर्धा बंद झाली आणि गाण्यांची क्रमवारी, म्हणजे ‘पायदान’, सुरू झाली. क्रम ठरवायला रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री विचारात घेतली जायची. दुकानदारांच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही हे लक्षात आल्यावर श्रोता संघांची मतंही धरली जाऊ लागली. म्हणजे ‘हा नंबर खरा की लावलेला’ ही शंका पहिल्या दशकापासूनच सोबतीला आहे.

नव्वदीतलं इंडीपॉप, वाहिन्यांवरची काउंटडाउन, नंतरची कॉलर ट्यूनची लाट हे सगळं वाचकांच्या कानात आहेच. त्यामुळे थेट व्हिडिओच्या जमान्यात येऊ.

डिसेंबर २०१२ मध्ये घोड्यावर बसल्यासारखं नाचणाऱ्या एका कोरियन गायकाच्या व्हिडिओने शंभर कोटींचा टप्पा गाठला. तोवर कुठल्याच व्हिडिओला तो जमला नव्हता. दोन वर्षांनी त्याच व्हिडिओचा आकडा २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेच्या पुढे निघाला, तेव्हा व्हिडिओ कंपनीला, म्हणजे यूट्यूबला, आपलं मोजणीयंत्रच मोठं करावं लागलं. इतके लोक एकच गाणं बघतील अशी कल्पना ते बनवणाऱ्यांनी केलेली नव्हती. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या गाण्यांच्या यादीने विक्री आणि रेडिओसोबत व्हिडिओचे व्ह्यूजही हिशेबात धरायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात काय व्हावं? हजारो लोकांनी घरी, कॉलेजात, ऑफिसात नाचून टाकलेल्या छोट्या व्हिडिओंच्या जोरावर एक धांगडधिंग्याचं गाणं थेट पहिल्या क्रमांकावर. कुणीतरी कॅसेट घ्यावी, मग ती मोजली जावी, हा क्रम तिथे संपला. बघणं हेच मत झालं.

आपल्याकडे हे सगळं सप्टेंबर २०१६ नंतर, डेटा फुकट आणि मग स्वस्त झाल्यावर आलं. त्याचा मराठी गाण्यांना झालेला फायदा पुरेसा कुणी नोंदवलेला नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. रायगड-ठाण्याकडची हळदीची गाणी, कोळीगीतं, भीमगीतं, खानदेशातली अहिराणी गाणी यांना टीव्हीवरच्या काउंटडाउनमध्ये जागा जवळपास नव्हतीच. ही गाणी कॅसेट आणि व्हीसीडीवर, जत्रेत, वरातीत आणि वडाप जीपमध्ये जगली. व्हिडिओ आल्यावर तीच गाणी कोट्यवधी वेळा बघितली जाऊ लागली, आणि ज्यांचं नाव कुठल्या वर्तमानपत्राने छापलं नव्हतं ते गायक आपापल्या पट्ट्यात स्टार झाले. शेजारच्या गावात फ्लेक्सवर फोटो, लग्नाच्या तारखा सहा-सहा महिने आधी बुक. हा आकडा त्यांच्यासाठी ओळखपत्र होता. म्हणूनच तो खरा असणं फार गरजेचं होतं.

आता २०१९. एप्रिलमध्ये दक्षिण कोरियाच्या सात जणांच्या सुप्रसिद्ध बँडने पहिल्या २४ तासांत सुमारे ७.४६ कोटी व्ह्यूज मिळवून जागतिक विक्रम केला. जुलैमध्ये भारतातल्या एका आघाडीच्या हिंदी-पंजाबी रॅपरचं नवं गाणं आलं आणि त्याच्या कंपनीने जाहीर केलं, २४ तासांत ७.५ कोटी. विक्रम मोडला! एरवी असा विक्रम झाला की व्हिडिओ कंपनी स्वतः ढोल वाजवते. या वेळी तिने चकार शब्द काढला नाही. विक्रमाच्या यादीत जुनंच नाव राहिलं.

कारण हळूहळू बाहेर आलं. गाण्याच्या बाजूने इंटरनेटवर भरपूर जाहिराती विकत घेतलेल्या होत्या आणि त्या जाहिरातींमधून झालेलं बघणंही आकड्यात जमा झालं होतं. यात नियमबाह्य काहीच नव्हतं, हे आधी स्पष्ट करायला हवं. पद्धत अशी होती: तुम्ही भाजीची रेसिपी बघायला गेलात, तिच्या आधी जाहिरात म्हणून नवं गाणं सुरू झालं, पाच सेकंदांनी ‘स्किप अ‍ॅड’चं बटण आलं. तुम्ही कांदा चिरत होतात, हात ओले होते, बटण दाबलं नाही. तीस सेकंद गेले आणि गाण्याच्या खात्यात एक व्ह्यू पडला. जाहिरातीवर बोट लागलं तरी पडला. भारतात अशा जाहिराती पाश्चात्त्य देशांच्या मानाने स्वस्त आणि बघणारे प्रचंड. पैसे ओतले की एका दिवसात आकडा कुठेही नेता येत होता.

रॅपरच्या बाजूचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. जाहिरात तर सगळेच करतात, परदेशातले मोठे कलाकारही करतात, मग आमच्याच आकड्याला वेगळा न्याय का? हा प्रश्न रास्त होता. आधीच्या कित्येक ‘विक्रमां’मध्येही जाहिरातींचा वाटा होता आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. एका भारतीय गाण्याने कोरियन बँडला मागे टाकल्यावरच नियमांची आठवण झाली, हे अनेकांना खटकलं, आणि त्यात तथ्य आहे. पण माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पोस्टर लावून लोकांना थिएटरपर्यंत आणणं वेगळं आणि पोस्टर बघणाऱ्यालाच तिकीट काढलेला प्रेक्षक म्हणून मोजणं वेगळं. जाहिरात करण्यात चूक नव्हती. जाहिरातीचं बघणं विक्रमात धरण्यात होती.

१३ सप्टेंबर २०१९ रोजी व्हिडिओ कंपनीने निर्णय दिला. यापुढे तिच्या संगीत याद्यांमध्ये जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरले जाणार नाहीत. पहिल्या २४ तासांच्या विक्रमासाठीही तेच: थेट लिंक, शोध, बाहेरच्या साइटवर लावलेला व्हिडिओ, होम पेज, पुढे काय बघाल याच्या शिफारशी, एवढ्यातूनच आलेलं बघणं चालेल. आधीचे विक्रम मात्र जसेच्या तसे राहतील.

इथपर्यंत बरोबर. पण व्हिडिओच्या खाली जो एकूण आकडा दिसतो, त्यातून जाहिरातींचे व्ह्यूज वगळले गेले नाहीत. निर्णय यादीपुरता आणि विक्रमापुरता होता. म्हणजे त्या दिवसापासून प्रत्येक गाण्याला दोन आकडे झाले: यादीत चालणारा गाळलेला आकडा आणि गाण्याखाली झळकणारा सरसकट आकडा. पोस्टरवर, बातमीत आणि चाहत्यांच्या भांडणात वापरला जातो तो दुसरा. बातमी देणाऱ्यांपैकी फार थोडे हा फरक सांगतात. कोल्हापूरच्या किंवा धुळ्याच्या पोराने उसनवारी करून शूट केलेलं गाणं आणि मोठ्या कंपनीने जाहिरातीत पैसे ओतलेलं गाणं, दोन्हींखाली ‘५० मिलियन’ एकाच टाइपात दिसतं. पहिल्याचे पन्नास मिलियन आपल्या पायांनी आलेले असतात. ते वेगळे ओळखू यावेत एवढीच अपेक्षा आहे, आणि ती तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण यादीसाठी गाळणी रोज होतेच आहे.

जाहिरातीपेक्षा वाईट प्रकारही त्याच सुमारास उघड झाला. २०२० मध्ये एका पार्श्वगायिकेच्या नावाने सोशल मीडियावर बनावट खातं निघालं, तिने तक्रार केली, आणि मुंबई पोलिसांच्या तपासात फॉलोअर, लाइक आणि व्ह्यूज विकण्याचा धंदा समोर आला. विकत घेतलेली जाहिरात निदान खऱ्या माणसापर्यंत पोचते. इथे समोर माणूसच नसतो.

चाहत्यांचं जग याच्या नेमकं उलट आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. कोरियन बँडच्या चाहत्यांची शिस्त बघावी. पुण्या-नागपुरातल्या कॉलेजांतल्या मुलीही त्यात मागे नाहीत. गाणं यायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर सूचना फिरतात: आवाज बंद करू नका. लूपवर लावू नका. एकदा बघून झालं की मध्ये दोन-तीन दुसरे व्हिडिओ बघा, मग परत या. नाव टाइप करून शोधा. व्हिडिओ पुढे ढकलू नका. यातल्या किती सूचनांना खरंच आधार आहे हा भाग निराळा, पण मोजणीचे नियम इतक्या बारकाईने वाचणारे लोक संगीत कंपन्यांतही कमी असतील. एक पैसा न घेता, परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून, रात्री जागून ही मुलं आवडत्या कलाकाराला वर नेतात. याला लबाडी म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही. तिथे बघणारं माणूस खरं आहे आणि त्याचं प्रेमही खरं आहे.

पाश्चात्त्य याद्यांनाही या काळात असेच पेच पडले, ते थोडक्यात. मार्च २०१७ मध्ये एका ब्रिटिश गायकाच्या नव्या अल्बममधली सोळाच्या सोळा गाणी ब्रिटनच्या पहिल्या वीसात शिरली. बाकीच्यांना उभं राहायला जागा नाही! त्याच वर्षी नियम आला की एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी यादीत धरायची. अमेरिकेने असं बंधन घातलं नाही, त्यामुळे तिथे २०२२ मध्ये एकाच गायिकेने पहिली दहा आणि २०२४ मध्ये पहिली चौदा स्थानं एका आठवड्यात व्यापली. अमेरिकेत गाजला तो टी-शर्टचा वाद. कलाकार टी-शर्ट किंवा मैफलीच्या तिकिटासोबत अल्बम जोडून द्यायचे आणि तो अल्बमची विक्री म्हणून मोजला जायचा. नंबर वन हुकलेल्यांनी यावर जाहीर आदळआपट केली. ऑक्टोबर २०२० पासून ती पद्धत बंद झाली. शिवाय २०१८ पासून तिथे पैसे भरून ऐकणाऱ्याचं ऐकणं जास्त मोलाचं धरतात आणि फुकट ऐकणाऱ्याचं कमी.

आपल्याकडे तोवर मोजमापच बदललं होतं. जून २०२०च्या अखेरीस सरकारने छोट्या व्हिडिओंच्या चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात रील्स आले. आता प्रश्न ‘किती जणांनी बघितलं’ एवढाच राहिला नाही, ‘किती जणांनी त्यावर स्वतः रील केलं’ हा झाला. २०२४च्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यातल्या एका तरुणाने स्वतः लिहून गायलेलं ‘गुलाबी साडी’ याचं ठळक उदाहरण. कॉलेजच्या मुली, नवरीच्या मैत्रिणी, भिशीतल्या काकू, ज्येष्ठ अभिनेत्री, परदेशातल्या मराठी मंडळांतल्या वहिनी, सगळ्यांनी कपाटातली गुलाबी साडी काढली. एवढ्या साड्या कुठलंही जाहिरातीचं बजेट बाहेर काढू शकत नाही. हे गाणं किती चाललं हे सांगायला गाण्याखालच्या आकड्याची गरजच पडली नाही.

तोटाही आहे. रीलमध्ये चालतात ते पंधरा-वीस सेकंद, त्यामुळे गाणं बांधतानाच पहिल्या ओळीत ‘हुक’ टाकायची घाई दिसते. मुखडा लक्षात आणि अंतरा कुणालाच पाठ नाही, अशी गाणी वाढली आहेत. मराठीला अंतऱ्याची मोठी परंपरा आहे, तो असा उपरा होऊ नये असं मनापासून वाटतं. सुदैवाने पूर्ण गाणं ऐकायला मूळ व्हिडिओकडे जाणारे अजून आहेत. खाली कॉमेंटमध्ये वर्षानुवर्षं ‘या वर्षी कोण कोण ऐकतंय?’ म्हणून हजेरी लागते, तेव्हा ते दिसतात.

ताजी घडामोड जुलै २०२५ची. दहा वर्षं चाललेलं ‘ट्रेंडिंग’चं पान व्हिडिओ कंपनीने बंद केलं. सगळ्या देशाला मिळून एकच यादी आता लोकांच्या बघण्याच्या सवयींशी जुळत नाही, असं कारण दिलं गेलं. संगीताच्या वेगळ्या साप्ताहिक याद्या मात्र सुरूच राहिल्या, आणि त्यांना २०१९चा गाळणीचा नियम अजून लागू आहे. गाण्याखालच्या एकूण आकड्याला तो आजही लागू नाही. त्यामुळे पोस्टरवर ‘मिलियन’ दिसलं की ते गाणं त्या आठवड्याच्या यादीत कितव्या नंबरला होतं, हेही एकदा बघून घ्यावं.