पाणी हवेत थांबत नाही? आधी हे वाचा

आमच्या जादूपेटीबद्दल, म्हणजे घरी करायच्या विज्ञानप्रयोगांच्या संचाबद्दल, सगळ्यांत जास्त येणारी तक्रार एकच: "नळी लावली, स्पीकर चालू केला, पण पाणी काही हवेत थांबत नाही. व्हिडिओत तर थांबतं!" पेटीत बिघाड नाही. ते पाणी नुसत्या डोळ्यांनी कधीच थांबलेलं दिसणार नाही, मोबाइलच्या पडद्यावरच दिसेल. म्हणून कुठलाही प्रयोग करण्याआधी एवढं बघा, की गंमत कॅमेऱ्यात घडते आहे, डोळ्यांपुढच्या उजेडात, की खरोखर वस्तूतच.

पाण्याची नळी हा निव्वळ कॅमेऱ्याचा खेळ. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं; मोबाइलवर बहुधा सेकंदाला ३०. स्पीकर ३० हर्ट्झवर लावला की त्याला चिकटवलेली नळी सेकंदाला ३० वेळा हलते आणि धार नागमोडी होऊन पडते. कॅमेराही ३० वर असेल, तर दोन चित्रांमधल्या वेळात धारेचं प्रत्येक वळण नेमकं त्याच्या पुढच्या वळणाच्या जागी जाऊन पोचतं. पाणी बदललं, आकार तोच राहिला, म्हणून धार गोठल्यासारखी दिसते. आता स्पीकर ३१ वर न्या. दर चित्रात वळण जरासं पुढे सरकलेलं सापडतं आणि धार संथपणे खाली उतरते. २९ वर आणलात, की वळण त्या जागेला किंचित कमी पडतं आणि पाणी चक्क वर चढायला लागतं! आमच्या मते खरी मजा या २९ मध्येच आहे.

हा प्रयोग लख्ख उजेडात करा. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ प्रकाश घेतो, तेवढ्यात पाणी हलतं आणि वळणांऐवजी नुसता धुरकट पट्टा उमटतो. बहुतेक तक्रारींचं मूळ इथंच निघतं. व्हिडिओत पंखा उलटा फिरताना दिसतो, तोही याच हिशेबाने. विमानाच्या पंख्याची पाती केळ्यासारखी वाकलेली दिसतात, त्याचं कारण मात्र वेगळं: मोबाइलचा कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ टिपतो, आणि शेवटच्या ओळीपर्यंत येईतो पातं पुढे गेलेलं असतं.

गायब होणारी काचनळी डोळ्यांनीच बघायची. काच पारदर्शक असूनही दिसते, कारण तिच्या कडांवर प्रकाश वळतो आणि थोडा परावर्तित होतो. पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचं माप म्हणजे अपवर्तनांक. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पेटीतल्या बोरोसिलिकेट काचेच्या नळीचा साधारण १.४७, आणि ग्लिसरीनचाही तेवढाच. ग्लिसरीनमध्ये शिरल्यावर प्रकाशाला काच लागली हे कळतच नाही. नळी आतूनही पूर्ण भरा. एक बुडबुडा राहिला तरी बिंग फुटतं. साधा काचेचा पेला वापरून बघाल तर तो पुसट होईल, पण गायब होणार नाही. त्याचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास असतो. ग्लिसरीन हवेतली ओल शोषून घेतं आणि मग आकडे जुळेनासे होतात, म्हणून बाटलीचं झाकण घट्ट लावा.

तांब्याच्या नळीत मात्र कसलाही भास नाही. चुंबक तांब्याला चिकटत नाही, तरी नळीतून रमतगमत उतरतो. ३० सेंटीमीटर अंतर एरवी पाव सेकंदात पडून संपतं. इथे पडणाऱ्या चुंबकामुळे तांब्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि त्यांचं चुंबकत्व त्यालाच अडवतं. हा नियम भौतिकशास्त्रज्ञ लेंझ यांनी १८३४ मध्ये मांडला. नळीच्या तोंडातून आत डोकावून बघा, बाजूने काहीच दिसत नाही. चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. तसा संशय जरी आला तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.

राहिला भुताचा पडदा. १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी तिरक्या काचेत पडणाऱ्या प्रतिबिंबाने रंगमंचावर भूत दाखवलं, त्याची ही छोटी आवृत्ती. पारदर्शक पत्रा समोर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ८ टक्के परत पाठवतो, त्यामुळे मागे अंधार आणि लपवलेल्या बाहुलीवर भरपूर उजेड हवा. पत्रा ४५ अंशांत उभा करा. आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पातळ संरक्षक फिल्म आधी सोलून काढा; ती तशीच ठेवून "भूत धुरकट येतं" असं कळवणारे बरेच जण असतात.