पीक-फेरपालटीतील तात्पुरते कुरण

धान्याच्या शेतात दोन ते पाच वर्षे गवत व द्विदल चारापिके मुद्दाम पेरायची, त्यांवर गुरे चारायची किंवा चारा कापायचा, आणि मुदत संपली की शेत नांगरून पुन्हा धान्याखाली आणायचे, या पद्धतीला तात्पुरते कुरण म्हणतात. त्याची मुदत पेरतानाच ठरते, म्हणून ते कायमच्या कुरणाहून वेगळे. युरोपीय संघाच्या नियमांत साधारणतः पाच किंवा अधिक वर्षे फेरपालटीबाहेर राहिलेले गवत कायमचे कुरण धरले जाते. पडीक जमिनीहूनही ते वेगळे, कारण पडीक शेतात जे उगवेल ते उगवते. गोव्यात हा दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. इथे गवताने भरलेली शेते जागोजागी दिसतात, पण ती बहुतेक सोडून दिलेली असतात, पेरलेली नसतात.

कुरणाचे खरे काम जमिनीखाली चालते. भाताची मुळे काही महिन्यांत संपतात. गवताची मुळे वर्षानुवर्षे वाढतात, मरतात, पुन्हा फुटतात आणि मातीचे कण रवाळ बांधत जातात. दरवर्षी चिखलणी होणाऱ्या शेतातले वाळके ढेकूळ पाण्यात टाकले की थोड्याच वेळात त्याचा गाळ होतो. जुन्या कुरणातले ढेकूळ पुष्कळ वेळ टिकून राहते. कुरणातील द्विदल पिके मुळांवरच्या गाठींतील रायझोबियम जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र (नायट्रोजन) जमिनीत आणतात. भर पावसात चवळीचे रोप मुळासकट उपटून एखादी गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-लाल निघाली तर नत्र बांधला जात आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती गाठ काम करत नाही असे समजावे. समशीतोष्ण प्रदेशातील चांगले क्लोव्हरचे (एका द्विदल चारापिकाचे) कुरण वर्षाला हेक्टरी शंभर किलोहून अधिक नत्र बांधते.

ही पद्धत मुख्यतः युरोपात वाढली. इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत नांगरट आणि कुरण आळीपाळीने घेण्याची रीत पसरली. पुढे नॉरफकमध्ये गहू, टर्निप, बार्ली, क्लोव्हर हा चार वर्षांचा फेरा प्रसिद्ध झाला. वेल्समध्ये ॲबरिस्टविथ येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती-प्रजनन केंद्राचे जॉर्ज स्टेपलडन हे विसाव्या शतकातील तिचे सर्वांत आग्रही पुरस्कर्ते होते. इंग्लंडमधील वोबर्न येथील रेताड जमिनीवर १९३८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ प्रयोगातून मात्र सेंद्रिय कर्ब फार हळू वाढतो हे स्पष्ट झाले. ऑस्ट्रेलियात गहू आणि मेंढ्या यांची सांगड सबटेरेनियन क्लोव्हरच्या कुरणाने घातली.

कोकण-गोव्यात याच नावाची पद्धत नव्हती, पण तिच्या जवळची एक होती. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक किंवा कारळा असे घेत जात आणि कस उतरला की जमीन काही वर्षे गवताला सोडून देत. गोव्यातील कुमेरीही त्याच घराण्यातली. तिथे जंगल तोडून, जाळून नाचणी पेरत आणि मग जमीन दीर्घकाळ मोकळी ठेवत. या दोन्हींत विश्रांती होती, पण पेरलेले द्विदल पीक नव्हते. त्यामुळे कस भरून यायला पुष्कळ वर्षे लागत. लोकसंख्या वाढली, विश्रांतीची वर्षे घटली आणि ती रीत मोडली.

आज गोव्यात तात्पुरत्या कुरणाला योग्य जागा कोणती, याचे उत्तर शेताच्या प्रकारावर आहे. खाजन जमीन खारी, सखल, बांध आणि मानशीवर (भरती-ओहोटीचे पाणी अडवणाऱ्या दारावर) चालणारी. पावसात ती पाण्याखाली असते. तिथे बहुतेक द्विदल चारापिके तग धरत नाहीत. पाणथळ पण गोड्या जागी पॅरा गवत येते, मात्र ते एकदा पसरले की हटवणे कठीण, आणि फेरपालटीत नको असतो तो नेमका हाच गुण. नदीकाठच्या व ओहोळाकाठच्या शेतांत सरदाच्या (पावसाळी) भातानंतर वायंगण (पावसाळ्यानंतरचे दुसरे पीक) होत असेल, तर तीन वर्षे गवताला देणे कोणालाच परवडणार नाही. उरते ती मोरड आणि भरड. पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे भागांत जांभ्या दगडाच्या उतारावरची ही पावसावर अवलंबून असलेली शेते वर्षातून एकच पीक देतात. यांतली कित्येक काजूखाली गेली, कित्येक ओस पडली. कुरणाचा खरा विचार याच जमिनीसाठी व्हायला हवा.

जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातले लोह व ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवतात. स्फुरद न मिळाल्यास द्विदलांच्या गाठी नीट काम करत नाहीत. म्हणून पेरणीपूर्वी चुना आणि रॉक फॉस्फेट देणे हा यातला टाळता न येणारा खर्च आहे. अशा जमिनीत स्टायलो हे द्विदल चारापीक चांगले तग धरते. मुळे खोल जात असल्याने पाऊस संपल्यावरही ते काही काळ हिरवे राहते. त्याचे बी कठीण कवचाचे असल्याने ते आधी काही मिनिटे गरम पाण्यात ठेवून मग पेरतात. सोबत गिनी किंवा दीनानाथ गवत आणि पहिल्या वर्षी चवळी घेता येते. दुग्धव्यवसायात लोकप्रिय असलेले संकरित नेपिअर चारा भरपूर देते, पण त्याचे ठोंब उखडून पुन्हा भात घेणे जिकिरीचे असते, आणि नुसते कापून नेले तर ते जमिनीतून नत्र व पालाश झपाट्याने काढते.

इथेच या पद्धतीचा कणा आहे. कुरणातला चारा गोठ्यात गेला आणि शेण परत शेतात आलेच नाही, तर तीन वर्षांनंतर जमीन सुधारलेली नसते, उलट खंगलेली असते. तात्पुरते कुरण गुरांशिवाय उभे राहत नाही. जनावरे कमी होत चाललेल्या गावात ते सुचवणे म्हणजे अर्धीच गोष्ट सुचवणे आहे.

नांगरटीची वेळही सांभाळावी लागते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कुरण फार आधी मोडले तर मोकळा झालेला नत्र नायट्रेटच्या रूपात पहिल्याच जोरदार पावसाबरोबर वाहून जातो. निव्वळ निबर गवत उशिरा गाडले तर ते कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःच खातात आणि भाताचा तरवा (रोपे) पिवळा पडतो. द्विदलांचे प्रमाण चांगले असेल तर हा दुसरा धोका कमी होतो. गवताखाली हुमणीच्या अळ्या वाढू शकतात, म्हणून मोडल्यावर मातीही पाहून घ्यावी.

सर्वांत मोठी अडचण वईची, म्हणजे कुंपणाची. सरदाचे भात कापून झाले की गुरे मोकळी सोडायची ही गावाची जुनी चाल. एकट्याने राखलेला हिरवा तुकडा त्यांच्या तावडीतून सुटत नाही. सत्तरीत त्यांत गव्यांची भर पडते. त्यामुळे कुरण एका शेतकऱ्याने करण्यापेक्षा लागून असलेल्या शेतांच्या मालकांनी व कुळांनी मिळून एकत्र राखणे व्यवहार्य ठरते. जिथे तेवढी एकी नाही तिथे एका हंगामाचा आखूड मार्ग खुला असतो. भातानंतर जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर अळसांदे (स्थानिक चवळी) किंवा कुळीथ घेतात, शेंगा घरात येतात, वाळका पाला गुरांना जातो आणि मुळे शेतातच राहतात. जमिनीची बांधणी यातून फारशी सुधारत नाही, पण पुढच्या भाताला थोडा नत्र मिळतो.