‘ॲग्री’, राजी आणि कबुलायत

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मराठी शाळेतून कॉलेजात आलेली मुलं इंग्रजी बोलायला लागली की हमखास म्हणतात, ‘आय ॲम ॲग्री’. चूक कुठून येते ते उघड आहे. डोक्यात ‘मी सहमत आहे’ असतं आणि त्यातल्या ‘आहे’साठी ‘ॲम’ शोधला जातो. ॲग्री हे स्वतःच क्रियापद असल्यामुळे त्याला ‘आहे’ची काठी लागत नाही, एवढं सांगितलं की चूक सुटते. पण हीच मुलं घरी ‘सहमत’ कधी म्हणत नाहीत. घरी म्हणतात, ‘माका पटला’. आणि ॲग्रीचा इतिहास उकरला तर तो ‘सहमत’पेक्षा या ‘माका पटला’च्या जवळचा निघतो.

इंग्रजीत हा शब्द 14व्या शतकात फ्रेंचमधून आला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘आ ग्रे’ म्हणजे मनाजोगतं. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘ग्रातुस’, म्हणजे आवडतं, सुखावणारं. वैदिक संस्कृतातला ‘गूर्त’ हा त्याचाच लांबचा भाऊबंद. सुरुवातीच्या इंग्रजीत माणूस ॲग्री करायचा तसं गोष्टही करायची, म्हणजे ती माणसाला रुचायची. चॉसर या जुन्या इंग्रजी कवीचा प्रेमात बुडालेला नायक स्वतःलाच विचारतो, की दुखणंच मला रुचत असेल तर मी कण्हतो कशाला? तिथे मूळ शब्द ‘ॲग्री मी’ असेच आहेत. कर्ता दुखणं, आणि माणूस चतुर्थी विभक्तीत, म्हणजे ‘मला’!

पुढे हा वापर मागे पडला, माणूस कायमचा कर्ता झाला आणि मागोमाग शब्दयोगी आले. माणसाशी ‘विथ’, प्रस्तावाला ‘टू’, मुद्द्यावर ‘ऑन’. ब्रिटनमध्ये तर ‘ॲग्री अ प्राइस’ असं नुसतंच कर्म जोडूनही चालतं. पाठ करायला हे कटकटीचं वाटतं, कारण मराठी हे काम क्रियापद बदलून करते: माणसाशी पटतं, प्रस्ताव मान्य होतो, किंमत ठरते.

आवडण्यापासून बांधून घेण्यापर्यंतचा हा प्रवास एकट्या इंग्रजीचा नाही. अरबीत ‘राजी’ म्हणजे संतुष्ट. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘तयार’ असा झाला आणि कागदावर आला तेव्हा ‘राजीनामा’. मुंबई इलाख्याच्या महसूल दप्तरात जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत, म्हणजे अटी कबूल असल्याचा कागद. खुशीचा शब्द सोडचिठ्ठीला चिकटला तो असा. आज नोकरी सोडतानाही आपण तोच देतो.

कबुलायत कोकणाने फार सोसली. खोत, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा वतनदार, सरकारला तो भरण्याची कबुलायत वर्षाच्या वर्षाला लिहून द्यायचा, आणि त्याच्याखाली कुळं राबायची. उभ्या पिकाची अभावणी, म्हणजे अंदाज, खोताच्या बाजूने व्हायचा. अर्धेलीत निम्मं पीक त्याच्या घरी जायचं. कुळाला ते कबूल होतं, पटलेलं मात्र नव्हतं. 1880च्या खोती कायद्याने व्यवस्था नियमात बसवली, मोडली नाही. अलिबागजवळच्या चरीत 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेतं कसायचंच नाकारलं. संप 1939 पर्यंत चालला. त्याच काळात, 1937 मध्ये, डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. खोती कायद्याने संपवायला 1949 उजाडलं.

गंमत अशी, की कुळं अशी राबत असताना ‘पटणं’ आणि ‘कबूल असणं’ यांतला फरक कायद्याच्या पुस्तकात आलेला होता. 1872च्या भारतीय करार कायद्याच्या 13व्या कलमात संमतीची व्याख्या आहे: एकाच गोष्टीला एकाच अर्थाने ॲग्री होणं. पुढचं कलम सांगतं की दडपण, गैरवाजवी प्रभाव, फसवणूक, दिशाभूल किंवा चूक यांतून आलेली संमती मुक्त नव्हे. ज्याच्या जमिनीवर चूल पेटते त्याच्यासमोर दिलेला होकार या चाळणीतून कितपत गेला असता?

कोकणात संमती हा शब्द आता जास्त ऐकू येतो तो सामायिक सातबाऱ्यामुळे. पणजोबांच्या नावावरची जमीन, त्यावर चार पिढ्यांची नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत. एकाने जरी ‘माका पटणा नाय’ म्हटलं तरी वाटप अडतं, आणि तो चाकरमानी गणपतीला गावी येईपर्यंत कागद तसाच पडून राहतो.

ॲग्रीचा मूळ अर्थ ठळकपणे टिकलाय तो ताटात आणि हवापाण्यात. ‘मॅकरल डझन्ट ॲग्री विथ मी’ म्हणणारा इंग्रज माशाशी वाद घालत नसतो. शब्दकोशात बघून त्याचं ‘बांगडा माझ्याशी सहमत नाही’ करणारेही भेटतात. मालवणात विचारा, लगेच सांगतील: ‘माका बांगडो मानवणा नाय.’ कर्ता बांगडा, आणि खाणारा चॉसरच्या नायकासारखा चतुर्थीत.