माकडताप जनजागृती

माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी) हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणुजन्य रोग. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, विशेषतः सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा परिसरात आणि गोव्यातील सत्तरीत, त्याविषयी चालणाऱ्या जनजागृतीची ही नोंद आहे.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने आजारी पडली. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी पहिली शंका होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) तपास करून नवाच विषाणू वेगळा काढला. पुढे कित्येक दशके हा रोग कर्नाटकाबाहेर फारसा दिसला नाही. २०१२ मध्ये तो कर्नाटकातीलच बंडीपूरच्या जंगलात आढळला, नंतर केरळमधील वायनाडमध्ये, २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात आणि २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातील केर गावात.

या भागातील जनजागृतीचा सगळा भार वेळेवर आहे. पावसाळा संपल्यावर गोचिडीची पिल्ले वाढत जातात आणि डिसेंबरपासून मेपर्यंत पाचोळ्यात त्यांची मधली अवस्था भरपूर असते. ती तिळाएवढी असते, चावली तरी बऱ्याचदा कळत नाही. माणसाला रोग देते ती प्रामुख्याने हीच. नेमके याच महिन्यांत काजू वेचायला बागेत जायचे असते, सरपण आणायचे असते, गोठ्यासाठी आणि भाजावळीसाठी (शेतजमीन भाजण्यासाठी) पातेरा, म्हणजे वाळलेला पाचोळा, गोळा करायचा असतो. वाकून, हाताने, बहुतेकदा अनवाणी होणारी ही कामे. 'जंगलात जाऊ नका' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे, कारण काजूची बाग आणि जंगल यांच्यात कुंपणसुद्धा नसते. उपयोगी पडतो तो कामाला धरून दिलेला सल्ला: पायांना आणि हातांना डीएमपी तेल (गोचिडी दूर ठेवणारे तेल) लावा, घामाने ते उतरले की पुन्हा लावा, अंग झाकणारे कपडे घाला, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा, अंगावर गोचीड आहे का ते एकमेकांना पाहायला सांगा. पातेऱ्याचा ढीग घराला लागून रचू नये. तेलाची बाटली डिसेंबरआधी घरात पोचली तरच या सांगण्याला अर्थ राहतो. पहिला रुग्ण सापडल्यावर आलेली बाटली उशिराच आलेली असते.

दुसरी गोष्ट मेलेल्या माकडाची. केलडी (लाल तोंडाचे माकड) आणि वानर या दोघांनाही हा रोग होतो आणि ते त्याने मरतात. माकड मेल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात उतरतात आणि ती जागा पुढे बराच काळ धोक्याची राहते. म्हणून ५० फुटांच्या परिसरात मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात आणि शव जाळतात. मात्र त्याआधी कोणीतरी कळवायला हवे. नारळ, केळी, काजूची नासधूस करणारे माकड मेले तर शेतकऱ्याला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. दुसरीकडे मारुतीचे रूप मानून त्याला हार घालणारे, हाताने उचलून पुरणारेही आहेत. दोघांनाही एकच सांगायचे असते: हात लावू नका, आशाताई, वनरक्षक किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. एका वेळच्या या निरोपाने पूर्ण वाडी वाचू शकते, म्हणून माझ्या मते जनजागृतीचे खरे माप हाच निरोप आहे.

माणसाला ताप देते ती गोचीड, आणि एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप होत नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, नाहीतर रुग्णाच्या घराकडे कोणी फिरकत नाही. चावा बसल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप येतो, कपाळ ठणकते, अंग मोडून येते, उलट्या होतात, काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येते. ताप उतरून आठवडा-दोन आठवड्यांनी काहींना तो पुन्हा येतो, तेव्हा मेंदूला त्रास होण्याची भीती असते. साधारण ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. विषाणूवर थेट औषध नाही. लवकर दाखल झालेल्याला सलाईन आणि शुश्रूषेने सावरता येते. पहिल्या दिवसांत रक्ताची आरटी-पीसीआर चाचणी होते. डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण रक्तस्राव वाढू शकतो.

जुन्या लशीचे अनेक डोस घ्यावे लागत आणि तरीही संरक्षण अपुरे पडे, म्हणून तिचा वापर थांबला. नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने सुरू आहे. तोवर तेल, कपडे आणि निरोप हीच साधने.

सिंधुदुर्गात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यू लोकांच्या चांगले ओळखीचे आहेत, पण ते पावसाळ्याचे म्हणून. उन्हाळ्यातला ताप मात्र 'उन्हामुळे' म्हणून दोन दिवस अंगावर काढला जातो. काजूच्या, रबराच्या बागांत कामाला बाहेरून आलेल्या मजुरांपर्यंत मराठी पत्रक पोचत नाही. त्यांच्यासाठी बागमालकानेच हंगाम सुरू होताना तेल द्यावे आणि मजुराला ताप आला की स्वतः दवाखान्यात न्यावे, एवढी अट कामाच्या बोलीतच घातली पाहिजे.