गाडी चोरीला गेली तर : एफआयआर, इन्शुरन्स क्लेम आणि सापडलेली गाडी कोर्टातून सोडवायची प्रोसेस

गाडी जागेवर नाही म्हटल्यावर डोकं चालत नाही हे मान्य, पण पोलीस स्टेशनला पळायच्या आधी दोन फोन करा. एक ट्रॅफिक पोलिसांना, कारण टो करून नेलेली गाडी आणि चोरलेली गाडी, रिकामी जागा बघताना दोन्ही सारख्याच. दुसरा, लोन असेल आणि हप्ते थकले असतील तर फायनान्स कंपनीला. रिकव्हरीवाले रात्रीत गाडी उचलतात आणि मालक सकाळी चोरीची तक्रार द्यायला उभा, असं होतं. (नोटीस न देता दमदाटी करून उचलणं चूकच आहे, पण ते भांडण वेगळं.)

हे दोन्ही नसेल तर मग सरळ एफआयआर. चोरी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये येते, १ जुलै २०२४ च्या आधी ते जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) ३७९ होतं. पोलीस स्टेशनला गेल्यावर कधीकधी "दोन दिवस शोधा, मित्राने वगैरे नेली असेल" असं ऐकायला मिळतं, किंवा गहाळ झाल्याची नोंद करून कागद हातात देतात. तो कागद पुढे कामाचा नाही. गहाळ वेगळं, चोरी वेगळी, आणि इन्शुरन्स कंपनी पैसे देते ते चोरीचे, त्यामुळे वर ३०३(२) लिहिलेला एफआयआरच पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते, ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते. घेतच नसतील तर एसपींना, शहरात असाल तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी पोस्टाने कळवायचं आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

तक्रार लिहून घेताना तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा : गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर. एक आकडा चुकला तरी पुढे क्लेमला अडतं आणि गाडी सापडली तर कोर्टातही अडतं. चावी कुठे होती, गाडी लॉक होती का, शेवटची कधी बघितली, हे जे खरं असेल तेच आणि एकदाच नीट सांगा, कारण इन्शुरन्सचा इन्व्हेस्टिगेटर नंतर येऊन हेच प्रश्न विचारतो आणि एफआयआरशी ताडून बघतो. कार असेल तर फास्टॅगचा मेसेज बघा, टोल क्रॉस झाला असेल तर कुठल्या दिशेला गेली ते तिथेच कळतं, ते तपासी अंमलदाराला लगेच द्या आणि मग बँकेला सांगून टॅग बंद करा.

त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या आणि ईमेलही टाका. आरटीओला लेखी अर्ज द्या की गाडी चोरीला गेलीये, तिच्यावर कुठलाही ट्रान्सफर किंवा एनओसी करू नये, आणि आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का मारून घ्या. हा शिक्का लोक विसरतात. चोरीनंतर कुणी त्याच नंबरने सिग्नल तोडत फिरला तर ई-चलन तुमच्याच मोबाईलवर येणार, तेव्हा एफआयआर जोडून ट्रॅफिक पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार टाकायची, चलन भरत बसायचं नाही.

आता क्लेम कोणाला मिळतो. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर चोरीचा एक रुपयाही नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा ओन डॅमेज पाहिजे. मिळतो तो आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर छापलेली किंमत. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतल्या किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे वजावट होऊन ती निघते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०, त्यापुढे तुमच्या आणि इन्शुरन्स कंपनीच्या संमतीने. म्हणजे १ लाखाची बाईक, पॉलिसी घेताना वय साडेतीन वर्षं, तर आयडीव्ही ६० हजारांच्या आसपास आणि त्यातून ठरलेलं डिडक्टिबल (क्लेममधला तुम्ही सोसायचा भाग) वजा. रिटर्न टू इन्व्हॉइसचं ॲड-ऑन घेतलं असेल तर बिलाची किंमत मिळते. लोन असेल तर पैसे आधी बँकेकडे, उरले तर तुम्हाला, आणि क्लेम पास होईपर्यंत हप्ते चालूच. "गाडीच नाही तर हप्ता कशाचा" हे बँकेत चालत नाही, सिबिल मात्र खराब होतं.

कागदं बरीच लागतात. भरलेला क्लेम फॉर्म, पॉलिसी, ओरिजिनल आरसी, लायसन्स, आधार, पॅन, कॅन्सल चेक, एफआयआर, आरटीओच्या अर्जाची शिक्क्याची कॉपी. दोन्ही चाव्या, आणि इथे बरेचजण अडकतात, कारण दुसरी चावी कधीच हरवलेली असते. तसं असेल तर सुरुवातीलाच लेखी सांगा, बाजारात बनवलेली डुप्लिकेट ओरिजिनल म्हणून देऊ नका, चावी तपासायला पाठवली तर ते उघड होतं. शिवाय सही केलेले आरटीओचे ट्रान्सफरचे फॉर्म २८, २९ आणि ३०, लोन असेल तर ३५ (आरसीवरचा लोनचा बोजा काढायचा) आणि बँकेची एनओसी, स्टॅम्प पेपरवर इंडेम्निटी बाँड (नुकसान भरून देण्याची हमी) आणि सबरोगेशन लेटर, ज्याच्याबद्दल खाली लिहिलंय.

आणि सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे अ समरी. तपास करून गाडी किंवा चोर सापडला नाही तर पोलीस कोर्टात अहवाल देतात की गुन्हा खरा आहे पण उघडकीस आला नाही, कोर्टाने तो मंजूर केला की ती अ समरी (ब समरी म्हणजे तक्रारच खोटी, ती लागली तर क्लेम विसरा). याला तीन महिने धरूनच चाला, जास्तही लागतात. आपोआप घरी येत नाही, पोलीस स्टेशनला समरी पाठवली का विचारायचं, मग कोर्टात नंबर लागला का बघायचं, मग सर्टिफाइड कॉपीचा अर्ज. चिडून उपयोग नाही, ठाणे अंमलदाराशी नीट बोललात तर आउटवर्ड नंबर तरी पटकन मिळतो.

या सगळ्या प्रकरणात शेवटी एकच गोष्ट बघितली जाते, आरसीवर नाव कुणाचं. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर रजिस्ट्रेशन तो. तुम्ही दोन वर्षांपूर्वी पूर्ण पैसे देऊन सेकंड हँड गाडी घेतली, टीटी (ट्रान्सफरच्या) फॉर्मवर सह्या घेऊन कपाटात ठेवले आणि ट्रान्सफर "करू निवांत" म्हणत राहिलात, तर चोरी झाल्यावर तुमची अवस्था बघा : एफआयआर तुम्ही देऊ शकता कारण गाडी तुमच्या ताब्यातून गेली, पण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावाने, आणि कंपनी म्हणणार की तुमच्याशी आमचा करारच नाही, आणि जुन्या मालकाने गाडी विकून टाकली म्हणजे त्याचं नुकसानच झालेलं नाही. दोघांनाही काही नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगितलंय की गाडी विकल्यावर आपोआप पुढे जातो तो फक्त थर्ड पार्टीचा भाग, स्वतःच्या नुकसानीचा इन्शुरन्स नवीन मालकाने कंपनीला कळवून नावावर करून घ्यावा लागतो. त्याला मुदत १४ दिवस. आरटीओला विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. वडील वारल्यावर गाडी मुलगा चालवतोय आणि आरसी अजून वडिलांच्याच नावावर, हाही तसलाच घोळ, मग वारसांची ना हरकत आणि प्रतिज्ञापत्रं गोळा करत बसावं लागतं.

क्लेम नाकारला तर लगेच हात टेकू नका. उशिरा कळवलं हे कंपन्यांचं आवडतं कारण, पण पोलिसांना लगेच कळवलं असेल आणि चोरी खरी असेल तर फक्त कंपनीला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी २०२० मध्ये स्पष्ट केलंय. चावी गाडीतच राहिली होती अशा एका ट्रकच्या केसमध्ये २०२३ ला त्याच कोर्टाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, ऑफिस मुंबईत आणि पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, नकार मिळाल्यापासून एका वर्षात जायचं. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे मुदत दोन वर्षं.

आता समजा गाडी सापडली. फोन येतो, आपण खुशीत जातो आणि कळतं की गाडी अशी देत नाहीत, ती मुद्देमाल झालीये. ती सोडवायला मॅजिस्ट्रेट कोर्टात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा, नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४९७ आणि ५०३, जुने वकील अजून ४५१-४५७ म्हणतात. अर्जाला आरसी, चालू इन्शुरन्स, आधार, एफआयआर, जप्ती पंचनाम्याची कॉपी आणि गाडी माझीच आहे, दुसऱ्या कुणाचा हक्क नाही असं प्रतिज्ञापत्र. कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. से लवकर आला तर काम आठवड्यात होतं, नाहीतर तारखा. ऑर्डर झाली की गाडीच्या किमतीएवढा बाँड, फोटो, सविस्तर पंचनामा, आणि गाडी सुपूर्तनाम्यावर (सांभाळायला दिल्याच्या लेखी हमीवर) ताब्यात. अटी साधारण अशा की केस चालू असताना विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, कोर्टाने बोलावलं की हजर करायची. वर्षानुवर्षं पोलीस स्टेशनच्या आवारात गाड्या सडवत ठेवू नका हे सुंदरभाई देसाई केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय, अर्जात या निकालाचा उल्लेख असतोच. तरी कुठल्याही चौकीमागे जाऊन बघा, गवत उगवलेल्या बाईक आहेतच, कारण अर्ज करायला मालकच फिरकत नाही.

चेसिस नंबर घासलेला असेल तर मात्र वेळ लागतो. फॉरेन्सिक लॅबवाले केमिकल लावून मूळ नंबर काढतात, तो रिपोर्ट आल्याशिवाय कोर्ट सहसा गाडी सोडत नाही.

क्लेम मिळायच्या आधी गाडी सापडली तर गाडी तुमचीच आणि चोराने केलेली मोडतोड ओन डॅमेजमधून मागायची. क्लेम घेतल्यानंतर सापडली तर तिच्यावर हक्क कंपनीचा, ते सबरोगेशन लेटर यासाठीच सही करून घेतलेलं असतं. अशा वेळी गुपचूप अर्ज करून गाडी सोडवून आणू नका, पैसेही घेतले आणि गाडीही घेतली म्हणजे फसवणूक. कंपनीला लेखी कळवा आणि पुढचं त्यांच्यावर सोडा.

सगळ्यात वाईट भांडण होतं ते चोरीची गाडी तिसऱ्याच माणसाने पैसे देऊन घेतलेली असते तेव्हा. तो म्हणतो मी प्रामाणिकपणे घेतली, माझ्याकडे आरसी आहे. पण वस्तू विक्री कायदा, १९३०, कलम २७ : विकणाऱ्याकडे मालकी नसेल तर घेणाऱ्याकडे ती येत नाही. चोराकडे मालकी नव्हती, मग पुढे दहा हात बदलले तरी नाही. दोघांनी अर्ज केला तर कोर्ट सध्या ताबा कुणाकडे ठेवायचा एवढंच ठरवतं, मालकीचा पक्का वाद असेल तर दिवाणी कोर्टात जा म्हणतं. घेणाऱ्याला माहीत असून घेतली असेल तर न्याय संहितेचं कलम ३१७ (चोरीचा माल घेणं) लागतं, माहीत नसेल तर तो साक्षीदार होतो, गाडी जाते आणि पैसे विकणाऱ्याकडून वसूल करायची जबाबदारी त्याच्यावर. त्यासाठी बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा, डिलिव्हरी नोट, विकणाऱ्याच्या आधारची कॉपी लागते, रोख देऊन चहाच्या टपरीवर व्यवहार केला असेल तर दावा कुणावर लावणार. व्यवहाराआधी डिजिटल पोलीस पोर्टलवर नंबर टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का ते बघता येतं, पैसे लागत नाहीत, आणि आरसीवरचा चेसिस नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाकून स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा, डीलर कितीही ओळखीचा असला तरी.