पीटच्या दलदलीतली ऑर्किड्स आणि पाणी ओढून नेणारे कालवे

ऑर्किड्स धोक्यात आहेत म्हटलं की आपल्याला आधी चोरून रोपं काढून विकणारेच आठवतात. ते चूक नाहीये, पण आग्नेय आशियातल्या पीटच्या दलदलीत खरा घाव बसला तो पाण्यावर, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

बोर्निओ, सुमात्रा, मलाय द्वीपकल्प इथल्या सखल भागात पाणी साचून राहिलं, गळालेली पानं-खोडं पूर्ण कुजलीच नाहीत आणि हजारो वर्षांत त्यांचे थर साचत गेले, काही ठिकाणी तर १० मीटरपेक्षा जाड. हेच पीट. पाणी कोऱ्या चहासारखं काळपट, भयंकर आम्लधर्मी, जमिनीत पोषण जवळपास नाहीच. इथली बहुतेक ऑर्किड्स झाडांच्या खोडाफांद्यांवरच राहतात, म्हणजे झाड पडलं की ऑर्किडही गेलं.

१८४० च्या दशकात ह्यू लो हा इंग्रज रोपं गोळा करायला बोर्निओतल्या सारावाकला गेला, त्याच्या वडिलांची लंडनजवळ नर्सरी होती. त्याच्या नावाचं ऑर्किड, डायमॉर्फॉर्किस लोवी, बघाच कधीतरी, नदीकाठच्या झाडावरून दोन-तीन मीटर लांब फुलोरा लोंबतो, वरची दोनच फुलं पिवळी आणि सुगंधी, बाकी सगळी मोठ्या तपकिरी-लाल डागांची, एकाच देठावर दोन तऱ्हेची फुलं! युरोपात तेव्हा ऑर्किडचं वेड टिपेला होतं, रोपं गोळा करणारे लोक ऑर्किडसाठी अख्खी झाडं पाडायचे आणि भरमसाठ माल बोटीवरच मरायचा. या व्यापाराला आंतरराष्ट्रीय लगाम बसला तो थेट १९७५ मध्ये, साइटिस हा धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा करार लागू झाल्यावर.

पण साइटिस बघतो सीमेपलीकडे काय जातंय ते. जंगल आतून कोरडं पडत असेल तर त्यात तो काय करणार?

आधी रामीनसारख्या लाकडासाठी तोड झाली, ओंडके बाहेर काढायला चर खणले गेले, त्यातून पाणी वाहून जायला लागलं. मग १९९५ मध्ये इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारने बोर्निओतल्या मध्य कालिमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टरवर भातशेती करायचं ठरवलं, हजारो किलोमीटर कालवे खणले, आणि त्या आम्लधर्मी पीटवर भात काही धड पिकला नाही. पाणी उतरलं की पीट हवेत कुजतं, खचतं, वाळून पेटतं, आणि १९९७ च्या एल निनोत ते जमिनीखालून महिनोन्महिने जळत राहिलं. मुळांना आधार उरला नाही, झाडं आडवी झाली. त्यांच्यावर काय काय होतं याची धड यादीसुद्धा कुणी केलेली नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

नुसतं बी पसरून हे परत येत नाही, कारण ऑर्किडचं बी धुळीएवढं, त्यात अन्नसाठाच नसतो, जंगलात रुजायला बुरशीची मदत लागते (हे नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवलं). लॅबमध्ये बाटलीत रोपं होतात, मान्य, पण ती लावायला दमट सावलीतली जुनी झाडं कुठून आणणार?

म्हणून माझ्या मते पहिला पैसा कालवे अडवायला जायला हवा. २०१५ च्या आगीनंतर इंडोनेशियाने २०१६ मध्ये पीट पूर्ववत करायला वेगळी संस्था काढली. मध्य कालिमंतानमधलं सेबांगाऊचं पीटचं जंगल २००४ मध्येच राष्ट्रीय उद्यान झालं, तरी लाकूडतोड्यांचे जुने चर आतून पाणी ओढतच होते, ते एकेक करून लाकडी बांधांनी अडवावे लागले.